कपाटातले कप आणि साहेबांची मान

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार (टेबलाखाली जागा नसल्यामुळे बसूनच). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांना अजून सोयीपुरतंच ऐकू येतं ना? मी खुशाल आहे. नोकरी जाता जाता राहिली, ती हकीकत कळवतो.

तुझ्याकडे तीन महिने गिरवलेल्या जर्मनवर मला खोक्यांच्या कारखान्यात दुभाष्याचं काम मिळालं, हे तू जाणतेसच. नवं यंत्र बसवायला एक जर्मन फिटर आला. आमचे मॅनेजर इंग्रजीशिवाय बोलत नाहीत, तो जर्मनशिवाय. साहेबांनी फर्मावलं, यंत्र चार दिवसांत चालू करा. फिटर लालबुंद होऊन म्हणाला, यांच्या कपाटात सगळे कप नाहीत. मी तसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी पँट्रीतलं कपाट उघडवलं, तर बारापैकी सातच निघाले! चहावाल्या बाई रडकुंडीला आल्या. साहेब इतके ओशाळले की संध्याकाळपर्यंत नवा सेट आणून पहिला कप त्यांनी फिटरला स्वतःच्या हाताने दिला. (डोक्याचा स्क्रू ढिला आहे, असा त्या वाक्याचा अर्थ होतो म्हणे. मला फार उशिरा कळलं.)

आठवड्याने काम रेंगाळलं तेव्हा साहेब इंग्रजीत ओरडले, हा माणूस म्हणजे मानेचं दुखणं आहे! मी फिटरला सांगितलं, तुमच्यामुळे साहेबांची मान दुखते. तो बिचारा हळहळला. पेटीतून मलम काढून त्याने ती मान अशी काही चोळली, की साहेबांचे डोळेच मिटले. (मान खरोखरच दुखत होती, वर्षभर.) तेव्हापासून दोघं एकत्र जेवू लागले.

एवढं सुरळीत चाललेलं मुख्य कचेरीला बघवेना. त्यांनी एक पदवीधर दुभाषी बाई पाठवल्या. त्यांचं भाषांतर अचूक. त्याच दिवशी फिटर साहेबांना रुसलेलं सॉसेज म्हणाला. मी असतो तर जेवणाची सोय बघितली असती. बाईंनी खरा अर्थ सांगितला, की तुम्ही फुरंगटलेलं कार्टं आहात. फिटरने हत्यारं गुंडाळली, दोन दिवस काम बंद. शेवटी साहेब बाईंना म्हणाले, "तुम्ही कागदपत्रं बघा. बोलायला हा गाढवच बरा." त्यानंतर महिन्याभराने, काल, यंत्र चालू झालं.

काकांना नमस्कार सांग, जरा मोठ्याने.

तुझा भाचा

ता. क. त्या पदवीधर बाईंशी मी लग्न ठरवलं आहे.

ता. क. २. तिला मराठी येत नाही, आईला दुसरं काही येत नाही. तिला पाहताच आई म्हणाली, "हे कुठलं ध्यान उचलून आणलंस?" मी शब्दशः सांगितलं. आईला ध्यानाची ओढ आहे असं समजून ती आता रोज सकाळी येऊन आमच्या सोफ्यावर अर्धा तास डोळे मिटून बसते. आई म्हणते, पोरगी शांत आहे, उलटून बोलत नाही.

ता. क. ३. तिने आता मराठी शिकायचं मनावर घेतलंय आणि शिकवायला तूच हवीस म्हणते. मावशी, पाया पडतो, लग्न होईपर्यंत तिला नाही म्हण.