लंडनची यादी आणि लातूरचा रविवार

१२ एप्रिल, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठे खेळाडू ठेवतात म्हणे. मी पळत नाही, पण पळण्यावर माझा अभ्यास आहे, आणि अभ्यासालाही शिस्त लागते.

नोंद पहिली: लंडन मॅरेथॉनच्या एलिट पुरुषांची यादी ग्रुपवर आली. म्हणजे खरोखर जिंकायला पळणारे वीसेक जण. बाकीचे हजारो लोक मागून हौसेने येतात, त्यांच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. शर्यत २६ तारखेला. चौदा दिवस. काम भरपूर.

लातूरला जायचं राहिलं. उज्वलाला ऊन फार आहे असं कळवलं. पुढच्या रविवारी नक्की.

१३ एप्रिल, सोमवार
घरची परिस्थिती एकदा लिहून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

पुनम बारावीला, तिचा नीटचा क्लास लातूरला. म्हणून जूनपासून उज्वला तिला घेऊन तिकडे खोली करून राहते. इकडे निम्म्या घरांत हेच आहे. आई पोरांपाशी लातूरला, बाप नोकरीच्या गावी, आणि रविवारी सकाळी बाप पिशवी घेऊन बसमध्ये. सहाची नांदेड-लातूर रविवारी नुसती बापांनी भरलेली असते. मी त्या बसमध्ये दिवाळीनंतर एकदा बसलो होतो. जानेवारीत त्यांनी खोली बदलली. नवी खोली मी पाहिलेली नाही. लोकेशन मोबाईलमध्ये आहे, त्यामुळे पाहिल्यासारखीच आहे.

घरात एकटं वाटतं का, असं ऑफिसात विचारलं कोणी. वाटत नाही. काहीच वाटत नाही.

१४ एप्रिल, मंगळवार. रा. ८
ग्रुपचं नाव 'लांब पल्ला'. सभासद एकसष्ट, बोलणारे तीन. मी, वजिराबादचा घड्याळवाला जिलानी, आणि देगलूरचे निवृत्त खेळशिक्षक महादेवप्पा. केनिया-इथिओपियाची नावं कोणाच्या जिभेवर बसत नाहीत म्हणून आम्ही आपली नावं ठेवली आहेत.

जिलानीचा माणूस 'हेडमास्तर'. वय अडतीस, चेहरा कायम वह्या तपासल्यासारखा, तीन मोठ्या मॅरेथॉन जिंकलेल्या. महादेवप्पांचा माणूस 'नवरदेव'. ट्रॅकवरचा राजा, पण बेचाळीस किलोमीटर आयुष्यात पहिल्यांदाच पळणार. सतत हसतो.

जिलानीचं म्हणणं, मी चाळीस साल घड्याळं उघडून राहिलो, जुन्या मशीनला धोका न्हाई, नवं मशीन कधी अडकंल सांगता येत न्हाई. महादेवप्पांचं म्हणणं, अय्यो, म्हातारं बैल तीस किलोमीटरला बसतंय बघा. यावर जिलानीने सात व्हॉइस मेसेज टाकले. सातही ऐकले. मी दोघांना शांत राहायला सांगितलं आणि माझं मत राखून ठेवलं. विश्लेषकाने घाई करायची नसते.

१७ एप्रिल, शुक्रवार
मत जाहीर केलं. दोघंही चूक.

यादीच्या अगदी तळाशी, एक रेघ मारून, तीन नावं वेगळी दिली आहेत. त्यांतला मधला. फोटोत हिरवी चड्डी, म्हणून 'हिरवा'. वेळ साधारण, बक्षिसं नाहीत, कोणी त्याच्यावर एक ओळ लिहिलेली नाही. मी लिहिलं की लातूरच्या क्लासच्या बोर्डावरसुद्धा मोठे फोटो वर असतात आणि बारीक फोटो खाली. वरच्यांचं पुढे काय झालं कोणी विचारत नाही. खरा माणूस खालच्या ओळीत असतो.

चार तास ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. एवढा परिणाम मलाही अपेक्षित नव्हता.

१९ एप्रिल, रविवार
लातूर रद्द. पाच वाजता उठलो होतो, पण हिरव्याचा एक जुना व्हिडिओ सापडला. त्यात तो पंचवीस किलोमीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे आहे. पुढे व्हिडिओ संपतो. तीनदा पाहिला. तोवर बस गेली.

दुपारी पुनमचा फोन. सराव परीक्षेत चाळीस मार्क कमी झाले, वरच्या बॅचमधून खाली टाकलं. मी तिला तीस किलोमीटरनंतर शरीरातली साखर कशी संपते ते समजावलं. ती हूं हूं करत होती. मग म्हणाली, पप्पा, तीन तारखेला सेंटरवर सोडायला तुम्ही याल ना? सगळ्यांचे पप्पा येतात. मी म्हणालो, हे काय विचारणं झालं, गेटपर्यंत मीच. ती म्हणाली, नक्की? मी म्हणालो, लिहून ठेव.

इथे मीही लिहून ठेवतो. ३ मे, रविवार, पुनम, गेट.

२१ एप्रिल, मंगळवार
संकल्प: विश्लेषकाने स्वतःही थोडं पळावं. उद्या पहाटे पाच, गोदावरी घाट, पाच किलोमीटर.

२२ एप्रिल, बुधवार
घाटापर्यंत स्कूटरवर गेलो. पाच-वीसला सुरुवात. पाच-सव्वीसला चहा. ओळखीचे दोघं भेटले, त्यांना हिरव्याबद्दल सांगितलं. एकाने विचारलं की पुनम कुठल्या बॅचला आहे. वरच्या, असं सांगितलं. उगाच कशाला लांबण.

पळणं शनिवारपासून.

२४ एप्रिल, शुक्रवार
उज्वलाने पुनमच्या परीक्षेचा कसलातरी कागद पाठवला. नेमका त्याच वेळी जिलानीने लंडनच्या रस्त्याचा नकाशा टाकला. कागदाला अंगठा दाखवला. नकाशा दोन तास पाहिला. वीस किलोमीटरला एक पूल आहे. हिरवा तिथेच सुटणार.

२५ एप्रिल, शनिवार
उद्या महादेवप्पा देगलूरहून सकाळच्या बसने येणार, जिलानी दुकान बंद ठेवणार. शर्यत आमच्या घरी, मोठ्या टीव्हीवर. उज्वलाला कळवलं की हा रविवार नाइलाज. तिने 'ठीक' लिहिलं. पूर्वी ती दोन-तीन ओळी लिहायची.

शनिवारचं पळणं रद्द. शर्यतीच्या आदल्या दिवशी विश्रांतीच घ्यायची असते.

२६ एप्रिल, रविवार. दु. २
सुटले. लंडनला गार हवा, लोकांनी जॅकेटं घातली आहेत. इथे बेचाळीस अंश. कूलरमध्ये महादेवप्पांनी स्वतः पाणी भरलं.

दु. २.५०
हिरवा पहिला! पहिल्यापासून पहिला. हेडमास्तर त्याच्या मागे लपलाय, नवरदेव चौथा. जिलानी नुसता माझ्याकडे बघतो. मत्सर.

दु. ३.१५
पुलावर हिरवाच. मी खाली जाऊन दोन किलो जिलेबी आणली. गल्लीत वाटली. कोण जिंकलं, असं सगळ्यांनी विचारलं. म्हटलं, अजून पन्नास मिनिटं आहेत, पण खा.

दु. ३.४०
तीस किलोमीटरला हिरवा रस्त्याच्या कडेला गेला आणि थांबला. मला वाटलं पाय मुरगळला. तर तो उभा राहून पुढे गेलेल्यांना टाळ्या वाजवत होता. हसतही होता.

सायं. ७
जिलानीने समजावून सांगितलं. रेघेखालची तीन नावं म्हणजे पेसमेकर. मोठ्या लोकांना वेग लावून द्यायला ठेक्यावर आणलेले. तीस किलोमीटर पुढे राहायचं, मग बाजूला व्हायचं, हाच त्यांचा करार. हिरव्याने आपलं काम चोख केलं. वैजनाथभाई, मला पहिल्या दिवशीच मालूम होतं, पण तुम्ही लई खुशीत होते, म्हणून बोललो न्हाई, असं तो म्हणाला. चार तासांच्या त्या शांततेचं कारण हे.

जिंकला कोण? यादीतला अकरावा, ज्याचं आम्ही नावसुद्धा ठेवलं नव्हतं. हेडमास्तर पाचवा. नवरदेव छत्तीस किलोमीटरला बसला.

विशेष काही वाटलं नाही.

२७ एप्रिल, सोमवार
शांतपणे विचार केला. शर्यत बेचाळीसची. त्यातले तीस किलोमीटर माझा अंदाज बरोबर होता. म्हणजे एकाहत्तर टक्के. जिलानी आणि महादेवप्पा यांचा शून्य. हे ग्रुपवर टाकलं. दोन सभासद बाहेर पडले, पण ते एरवीही बोलत नव्हतेच.

गल्लीतली पोरं मला पाहून टाळ्या वाजवतात. लोकप्रियता.

२९ एप्रिल, बुधवार
महादेवप्पा अजून इथेच आहेत. देगलूरला करायचं काय, म्हणाले, बायको मुलाकडे बेळगावला. जिलानीही संध्याकाळी दुकान बंद करून येतो. पुढच्या मॅरेथॉनचा अभ्यास चालू आहे. पुनमच्या टेबलावर आम्ही याद्या पसरल्या आहेत. टेबल मोठं आहे, सोयीचं पडतं.

उज्वलाचा फोन. घरी सध्या कोण कोण असतं, असं विचारलं. मी अभिमानाने सांगितलं की आता कट्टा आपल्याच घरी भरतो, निदान पुढच्या आठवड्यापर्यंत तरी.  ती म्हणाली, पुनमला शांत जागा लागते हो. मी म्हणालो, अगदी बरोबर, म्हणूनच लातूरची खोली उत्तम आहे, तिथून हलू नका. बरं, म्हणाली, आणि ठेवला.

बायका परीक्षेचं फार मनावर घेतात.

३० एप्रिल, गुरुवार
पुनमचं हॉलतिकीट आलं. उज्वलाने फोटो काढून पाठवला. पुनमचा फोटो पाहिला. बारीक झाली आहे. हसलेली नाही, पण परीक्षेच्या फोटोत कोणी हसत नाही. अंगठा दिला.

तिच्यासाठी नियोजन तयार केलं. एकशे ऐंशी प्रश्न, एकशे ऐंशी मिनिटं. सुरुवात हळू, शेवटी वेग. अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. तिचं उत्तर: ओके पप्पा.

१ मे, शुक्रवार
सुट्टी. उज्वलाचे दोन फोन येऊन गेले. महादेवप्पांशी वाद रंगात होता, घेता आले नाहीत. नंतर केला तर तिने उचलला नाही. तिच्या मागे बसचा आवाज येतो म्हणून तिला माझं ऐकू जात नसेल, असं मनाशी म्हणालो. मग लक्षात आलं की उचललाच नाही तर आवाज कुठून येणार.

२ मे, शनिवार
आता मनावर घेतलं आहे. उद्या लातूर. काहीही झालं तरी. महादेवप्पांना किल्ली दिली, अलार्म दोन मोबाईलवर लावले. पुनमसाठी लाडू घेतले, आणि जिलानीच्या दुकानातून एक घड्याळ. जिलानीने सांगितलं, परीक्षेत घड्याळ आत नेऊ देत न्हाईत, माझा पोरगा जीशान बसला होता ना दोन साल आधी. तरी घेतलं. बाहेर येऊन घालेल.

उज्वलाला लिहिलं: उद्या सहाच्या बसने निघतो, दहाला खोलीवर, गेटवर मीच सोडणार. निळ्या खुणा झाल्या. वाचलं. उत्तर नाही. गडबडीत असेल.

बरं वाटतंय. कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटतंय.

३ मे, रविवार. स. ११.२०, लातूर स्टँड
बस मिळाली. बापांनी भरलेली नव्हती, जागाच जागा होती. मला आश्चर्य वाटलं, पण पाय पसरता आले.

दहा-दहाला लोकेशनवर पोहोचलो. पिवळी दुमजली इमारत, वर जायला लोखंडी जिना. खोलीला कुलूप. खाली घरमालकीण कस्तुराबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांना पुनमचं विचारलं. त्या म्हणाल्या, त्या मायलेकी शुक्रवारीच गेल्या की नांदेडला. पोरीचं सेंटर नांदेडलाच आलंय. मामा आला होता गाडी घेऊन, त्याच्याकडंच हाईत, तरोडा नाक्याला.

मोबाईल काढून ते दोन्ही कागद उघडले. चोवीस तारखेच्या कागदावर शहराचं नाव आहे, नांदेड. हॉलतिकिटावर शाळेचा पत्ता आहे. आमच्या घरापासून पायी बारा मिनिटं.

कस्तुराबाईंनी आणखी सांगितलं. बहुतेक पोरांनी फॉर्मवर पहिलं शहर लातूर टाकलं होतं. पुनमने मुद्दाम नांदेड टाकलं. पेपरच्या आधी दोन रात्री आपल्या घरी झोपीन आणि पप्पा सोडतील, असं म्हणाली होती.

गेट दीडला बंद होतं. इथून नांदेड एकशे चाळीस किलोमीटर. सव्वादहा वाजले होते. टॅक्सी केली असती तर कदाचित पोहोचलो असतो. हे मला आत्ता, अकरा-वीसला, स्टँडवर बसल्यावर सुचलं. खोलीपाशी मी अर्धा तास जिन्याच्या पायरीवर बसून होतो. काय करत होतो, आठवत नाही. याद्या आठवत होतो बहुतेक.

बस बाराची आहे. साडेतीनला नांदेड. पेपर पाचनंतर सुटतो, म्हणजे गेटवर पोहोचता येईल. उज्वला तिथे असेल, तिचा भाऊ असेल. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवतो.

एक लिहायचं राहिलं. निघताना कस्तुराबाईंनी विचारलं, तुम्ही पुनमचे कोण म्हणायचे? मी म्हणालो, नांदेडचाच आहे, ओळखीचा. तर म्हणाल्या, मग तुम्हाला ठावं असंल, तिचे वडील येनार होते सोडायला, आले का हो ते?

मी म्हणालो, आले.

बरं झालं बाई, म्हणाल्या, पोरगी लई दिवस तेवढंच बोलून राहिली होती. मग त्यांनी मला बसवून चहा दिला. मी घेतला.