सातपूरला लागलो

११ जून १९७९
प्रभाकर गेला. औरंगाबादला, बँकेत. दोन वर्षं नाशिकला एका खोलीत काढली, एकाच कंदिलावर अभ्यास केला, एकाच दिवशी निकाल. त्याचं नशीब लवकर उघडलं. ट्रंक टांग्यात चढवून दिली. म्हणाला, "वश्या, पत्र टाक." टांगा बोहरपट्टीकडं वळेपर्यंत हात हलवत होता.
वर आलो तर त्याच्या कॉटवरची गादी गुंडाळलेली. खाली तांबट आळीचे हातोडे. सकाळी आठपासून अंधार पडेस्तोवर ठोकतात. आजवर हा आवाज कानावर यायचा नाही. आज दिवसभर आला. सगळं जग कामावर गेलंय आणि मी ऐकतोय.

१४ जून
एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला कार्ड नूतनीकरण. दीड तास रांग. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "बी.ए.? अर्थशास्त्र? घरी बसा, कॉल येईल."
टायपिंगचा चाळीसचा फॉर्म भरला. तीसचा पास आहेच. मशीनवर a s d f करताना डोकं रिकामं राहतं, तेवढं बरं वाटतं.

२४ जून
रविवार. संध्याकाळी खानावळ बंद. कोपऱ्यावर केळी घ्यायला गेलो तर आवाजच फुटेना. केळीवाला म्हणाला, "घसा धरला का, भाऊ?" हो म्हटलं.
परत येताना लक्षात आलं, काल सकाळपासून कोणाशी बोललोच नव्हतो.

५ जुलै
सातपूरला मुलाखत. पाइपांचा कारखाना. टाइमकीपरची जागा. साहेब चहा पीत होते.
"हजेरीचं रजिस्टर ठेवता येईल?"
"येईल."
"वक्तशीर आहात?"
"आहे."
"सोमवारी या. आठ वाजता."
बाहेर आलो तर पाय जमिनीवर नाहीत. पोस्टातच उभ्या उभ्या कार्ड लिहिलं. *नाना, सातपूरला पाइपांच्या कारखान्यात लागलो. टाइमकीपर. सोमवारपासून हजर. मायला सांगा.* पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकून मग निघालो.

९ जुलै
पावणेआठला गेटवर. साडेनऊला आत बोलावलं. खुर्चीत एक मुलगा आधीच बसलेला, पुढ्यात हजेरीचं रजिस्टर. साहेबांच्या बहिणीकडचा, असं नंतर कळलं. "तुम्हाला कळवू."
सातपूरहून चालत आलो. बस दोनदा थांबली, चढलो नाही.
कार्ड आज पोचलं असेल.

१६ जुलै
नानांचं कार्ड. त्यांच्या शाळेत पेढे वाटले. मायनं माझं कार्ड तीनदा वाचून घेतलं त्यांच्याकडून, मग शेजारच्या आत्याबाईंकडे नेऊन त्यांच्या मुलीकडूनही एकदा. गुरुवारी गडावर जाऊन देवीची ओटी भरून आली.
लिहायला बसलो. *नाना, एक चूक झाली…* इथपर्यंत आलो. फाडलं.
खोटं नव्हतं ते. साहेब खरंच सोमवारी या म्हणाले होते. पण आता आठवडा झाला, आता ते खोटंच आहे.

२ ऑगस्ट
दर आठवड्याला एक कार्ड जातं. काय लिहायचं? काम ठीक. साहेब चांगले. आज एक माणूस घातला, बोराडे. स्टोअरमध्ये आहे, निफाडचा, जरा स्थूल, हसरा. दुपारी आम्ही एकत्र जेवतो, तो माझ्या डब्यातलं लोणचं संपवतो, असं लिहिलं.
बोराडेबद्दल लिहिताना हात अडखळला नाही. तीन ओळी जास्तच झाल्या.

३ ऑगस्ट
खानावळीच्या मालतीकाकूंच्या दोन्ही मुलांना रोज संध्याकाळी गणित शिकवायचं ठरलं, त्याबदल्यात जेवण. काकूंनी स्वतःच काढलं. म्हणाल्या, "तुमचा चेहरा उतरलाय हो फार. घरी सगळं बरं आहे ना?"
घरी सगळं फारच बरं आहे.

२१ ऑगस्ट
सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतो, वाचनालय उघडेपर्यंत नदीवर, गंगेच्या घाटावर बसतो. कोणाला दाखवायला, माहीत नाही. इथं मला ओळखतं कोण? हरिभाऊ (खालचे तांबट, खोली त्यांचीच) एवढंच म्हणतात, "निघाले का?" मी हो म्हणतो.
वाचनालयात जाहिराती उतरवून घेतो. आज दोन. एक मालेगाव, एक 'अनुभव आवश्यक'.
प्रभाकरचं पत्र नाही.

१२ सप्टेंबर
पाचला परतलो तर हरिभाऊंनी हाक मारली. "तुमचे वडील येऊन गेले. साडेतीनला आले, अर्धा घोट चहा घेतला, चारच्या गाडीला गेले. थांबा म्हटलं, ऐकेनात."
पिशवी. नागलीचे पापड, कुरडया, लसणाची चटणी. आणि वहीचा कागद, नानांचं वळणदार अक्षर:
*चि. वसंत, सर्व्हिस बुकाच्या कामाला जिल्हा परिषदेत आलो होतो. तू कामावर असशील म्हणून थांबलो नाही. तब्येत सांभाळ. मायनं पापड जास्त दिले आहेत, बोराडेंनाही द्यावे.*
स्टँडपर्यंत पळालो. तासापूर्वीच गाडी गेलेली, हे माहीत असून पळालो.
मी वाचनालयात होतो. पाच मिनिटांवर.

४ ऑक्टोबर
त्याच कारखान्याची पुन्हा जाहिरात, डिस्पॅच क्लार्क. लाज गुंडाळून गेलो. वॉचमननं नाव विचारलं, सांगितलं तर माझ्याकडं बघतच राहिला.
"तुम्ही वसंत? कळवणकडचे? मागल्या महिन्यात तुमचे वडील आले होते की. टोपी, धोतर. मास्तर ना?"
"इथं?"
"हातात पिशवी. पोराला द्या म्हणले, टाइमकीपर आहे. मी आत जाऊन विचारून आलो. या नावाचा कोणी नाही म्हणून सांगितलं. मग बोराडेंना बोलवा म्हणले. तोही नाही. जरा वेळ त्या दगडावर बसले. पाणी मागितलं, पाणी दिलं. म्हणले, माझीच चूक झाली, दुसरी कंपनी असेल."
"किती वाजता?"
"दुपारचा भोंगा झाला होता."
म्हणजे आधी इथं, मग खोलीवर. चिठ्ठी त्यानंतरची. *कामावर असशील म्हणून थांबलो नाही. बोराडेंनाही द्यावे.* सगळं कळल्यावर लिहिलंय हे.
मुलाखत न देता आलो. काही सुचत नाही. नाना, शिव्या द्यायच्या होत्या हो.

९ ऑक्टोबर
नानांचं कार्ड, नेहमीसारखं. 'ऑफिसात काम वाढले असेल तर दिवाळीला एक दिवस उशिरा आलास तरी चालेल.'
हे ते मायला ऐकवत लिहितात. लिहिताना मोठ्यानं बोलतात, सवयच आहे. माझी कार्डंसुद्धा तेच वाचून दाखवतात. महिनाभर ते काय वाचतायत, त्यांना माहीत आहे. तरी वाचतायत.

१९ ऑक्टोबर, घरी
एस.टी.तून उतरलो तर माय स्टँडवर. उन्हात कधीची उभी होती कोण जाणे. माझा हात धरून बाजारातून नेलं, वाण्याच्या दुकानापुढं मुद्दाम थांबली. "मना वसंता. नासिकले कंपनीमा शे." वाणी म्हणाला, वा. मी हसलो. नाना दोन पावलं मागे चालत होते.
रात्री माय विचारते, बोराडेचं लग्न झालंय का. झालंय म्हटलं. नानांनी ताटातून मान वर केली नाही.

२१ ऑक्टोबर, घरी
शाळेला सुटी, पण नाना झाडांना पाणी घालायला जातात. मीही गेलो. विहिरीतून मी शेंदायचं, ते घालणार. चार बादल्या झाल्यावर म्हटलं,
"नाना, तुम्ही सातपूरला आला होतात."
"आलो होतो." पाणी ओतत राहिले.
"मग बोलला का नाहीत?"
"काय बोलू? पेढे मी वाटले. गावभर मी सांगितलं. पोरांना सांगतो खोटं बोलू नका, आणि दर आठवड्याला तुझं कार्ड मोठ्यानं वाचतो. आता दोघंही अडकलो की."
"रागावलात?"
"रागावलो होतो. गाडी वणीला पोचेस्तोवर होतो." बादली खाली ठेवली. "मग वाटायला लागलं, हा पोरगा दिवसभर बोलतो कोणाशी? तो बोराडे तरी खरा असता तर बरं झालं असतं रे."
मला रहाट सोडून बाजूला जावं लागलं. ते तिकडं पाहत नव्हते. कडुलिंबाच्या आळ्यातलं गवत उपटत बसले.
"मायला मी सांगतो आज," म्हटलं.
"दिवाळी जाऊ दे. फार खूश आहे ती."
 शेवटची बादली दोघांनी धरून नेली, गरज नव्हती तरी.

२४ ऑक्टोबर
परत. सांगितलं नाही. गाडीत बसताना मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. म्हणाली, वाळलास. नाना म्हणाले, "शहरचं पाणी." खोटं बोलायचं आता तेही शिकले. माझ्यामुळं.

७ नोव्हेंबर
हरिभाऊंच्या ओळखीनं भद्रकालीतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचं काम. लग्नपत्रिका. सीझन तोंडावर आलाय. आठवड्यातून तीन दिवस, बोलावतील तेव्हा. आज एकोणीस पत्रिका वाचल्या. एकीत वराचं नाव दोनदा छापलेलं, वधूचं एकदाही नाही. मालकाला दाखवलं तर मोठ्यानं हसला, मीही. बऱ्याच दिवसांनी कोणाबरोबर हसलो.

१५ नोव्हेंबर
निफाडला एका हायस्कुलात क्लार्कची जागा, रजेवर गेलेल्याच्या बदली, मार्चपर्यंत. आज मुलाखत. हेडमास्तर वयस्कर, सौम्य. "आधी कुठं काम केलंय?"
तोंडावर आलं होतं, सातपूरला, टाइमकीपर.
"कुठंच नाही," म्हटलं. "सध्या लग्नपत्रिकांची प्रुफं पाहतो."
त्यांनी लिहून घेतलं. कळवतो म्हणाले. सगळे कळवतोच म्हणतात.
एस.टी.त खिडकीशी बसून आलो. दोन्हीकडं द्राक्षांचे मांडव. जागा मिळेलसं वाटत नाही. तरी जाताना होतं तसलं ओझं येताना नव्हतं.

१८ नोव्हेंबर
मायला पत्र लिहिलं. कार्ड नाही, पाकीट. दोन पानं. पहिल्यांदाच तिच्या नावानं. सातपूरचं सगळं, बोराडे, छापखाना, निफाडची मुलाखत. नानांना बोल लावू नको, हेही.
लिहून झाल्यावर सुचलं, हे वाचून दाखवणार नानाच. स्वतःच्या तोंडानं. दिवाळी जाऊ दे म्हणणारे नाना. पेढे वाटणारे.
वाचतील का?

१९ नोव्हेंबर
टाकलं.

२७ नोव्हेंबर
उत्तर नाही. नानांचं आठवड्याचं कार्डही नाही. असं कधी झालेलं नाही. निफाडहूनही काही नाही.
छापखान्यात आज दोन चुका माझ्या नजरेतून सुटल्या. मालक ओरडला. बरोबर होतं त्याचं.

२ डिसेंबर
रविवार. साडेदहा वाजता हरिभाऊंची खालून हाक. जिन्यात पाहतो तर माय. एकटी. जन्मात कधी एकटी कळवणच्या पुढं आली नव्हती. स्टँडवरून विचारत विचारत तांबट आळीपर्यंत. डोक्यावर पदर, हातात पिशवी, घामेजलेली.
"नाना कुठंत?"
घरी. गडावर जाते सांगून निघालीय. तिनंही थाप मारली.
खोलीभर पाहिलं. दुसऱ्या कॉटवरची गुंडाळलेली गादी हातानं चाचपली. "आठे कोन निजस?" कोणी नाही म्हटलं. "कधीपासून?" जूनपासून.  पाणी दिलं, प्यायली.
मग पिशवीतून पाकीट काढलं. माझंच. घड्यांवर मळलेलं, बरेचदा उघडून मिटलेलं.
तिनं सांगितलं ते असं. नानांनी पत्र घेतलं, मनातल्या मनात सगळं वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मोठ्यानं चार ओळी वाचल्या. वसंता बरा आहे, काम बरं चाललंय, तुझी आठवण काढतो. त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत. शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यावं असं दोनदा मनात आलं, पण नेलं नाही.
"माले वाचता येत नई, पन मोजता येस," म्हणाली. "दोन पानं भरेल शेतस. त्यास्नी चारच ओळी वाच्यात."
पाकीट माझ्यापुढं कॉटवर ठेवलं.
"बाकी काय लिखेल शे, ते तू वाची दाखाड. मी गंगावर आंघोळ करी येस." साडी काखेत घेतली. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली, रस्ता हरिभाऊंना विचारीन. दारात थांबून वळली. "काही गाळू नको."
आत्ता गेलीय. पत्र समोर कॉटवर आहे. मी हे लिहितोय, कारण दुसरं काही करता येत नाहीये. रविवार, हातोडे बंद. जिन्यावर कोणाचं पाऊल वाजलं की पेन थांबतं. आलीच ती.