आत्या दुसऱ्यांदा रडली तेव्हा

बुरुल आत्या,

हे पत्र बिश्केकमध्ये बसून लिहितेय, पण तुला पाठवायचा धीर माझ्यात नाही.

बाबा गेले त्या दिवशी लोकरीच्या नमद्याच्या तंबूत तू रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, रडत रडत शोकगीत म्हणत होतीस. गेलेल्याच्या लेकीनंही तसंच तुझ्याशेजारी बसायचं असतं. मी कॅमेऱ्यामागे उभी होते. मग लक्षात आलं, माइक बंदच राहिलाय. फिल्म स्कूलच्या प्रवेशासाठी मला काहीतरी दाखवायचं होतं. मी म्हटलं, "आत्या, परत एकदा म्हणशील?" तू नाक पुसलंस आणि पुन्हा भिंतीकडे वळलीस.

मुलाखतीत ते चित्रण पाहून परीक्षकांनी विचारलं, "ही नटी कुठे मिळाली?"

मी म्हणाले, "आमच्या गावातलीच आहे."

एम.ए.ला ध्वनी आणि दिग्दर्शन, दोन्हींत नंबर लागला. मी दिग्दर्शन घेतलं.

काल फोनवर तू विचारलंस, "त्यात काय शिकवतात गं?"

"लोकांकडून आपल्याला हवं ते करून घ्यायला."

"मग दोन वर्षं कशाला घालवतेस? ते तर तुला येतंच की," तू कौतुकानं म्हणालीस.

तुझ्याशेजारी न बसलेली,
आयपेरी