जनाबाईंचं कार्ड

डोंबिवली,
नोव्हेंबर १९८९

सौ. शांता,
सप्रेम जयभीम.

तू टिटवाळ्याला भावाकडे राहायला गेलीस त्याला आज चार महिने झाले. जाताना म्हणालीस, "परक्या बायका कार्डं पाठवून धीर देतात, आणि घरचा माणूस तोंडातून शब्द काढत नाही." 

मासिकात तुझी पहिली कथा आली आणि निनावी कार्डं सुरू झाली. बाईला हे शोभतं का, नवऱ्याचा धाक नाही का, असलं काहीबाही. कार्ड उघडंच, त्यामुळे सगळी चाळ ती आपल्याआधी वाचायची. तू वही माळ्यावर टाकलीस. समोर बसून बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून मी डाव्या हाताने, परक्या बायकांच्या नावांनी कार्डं लिहिली. एक कल्याणच्या जनाबाईंचं, एक ठाण्याच्या मनुबाईंचं. शिक्का वेगळा पडावा म्हणून दर रविवारी त्या त्या गावी जाऊन पेटीत टाकून यायचो. अशी अकरा. ती वाचून तू वही खाली काढलीस.

खरं सांगितलं तर तू परत येशील, असं वाटतं. पण मग तुझ्या अकरा वाचक बायका एका फटक्यात नाहीशा होतील, आणि शिव्या देणारे तेवढे खरे उरतील. म्हणून हे पत्र ट्रंकेत ठेवतोय.

दिवाळी अंकातली तुझी नवी कथा वाचली. त्यातला अबोल नवरा ओळखीचा वाटला. कथा फार आवडली, असं जनाबाई रविवारी कळवतील.

तुझाच,
सीताराम