धसकटांचा धूर

पोहरादेवी, १९५९

उदयसिंग बेटा,

तुहं पत्र भेटलं. अख्खी जमात मारून संपवनाऱ्या राजालेही शिक्षा होईन, अशा जगाच्या कायद्याले दिल्लीनं मान्यता देल्ली, असं तू लिवलं. असंन. पन 'बा, अकरा सालाआधी नाल्यापल्याडची वस्ती लोकाइसकट जाळली, तवा तुमी काय पाह्यलं?' हे कायले इचारलं? तुले कोनं शिकवलं?

किंकाळ्या मले आयकू आल्या होत्या. धूर कायचा म्हनून पंचाइनं इचारलं, तवा मी सांगतलं, कोनं तरी वावरातली धसकटं पेटवली.

त्याच साली बकरीची चोरी पाहून गप राह्यला म्हनून धनसिंगले मीच तांड्याबाहेर काढलं. तो अजून बाहेरच हाय.

हे पत्र मी टपालात टाकनार नाही.

तुहा बा,
हेमसिंग, तांड्याचा नाईक