दुसऱ्या खिडकीतला आवाज

३ फेब्रुवारी, मंगळवार

कारागृहाची अट आली — एकही आवाज ओळखू येता कामा नये! नाव नको, गाव नको, चेहरा तर नकोच. प्रकल्पाच्या बाई तोंड पाडून बसल्या. म्हटलं, त्यात काय एवढं? आवाज फिरवून देतो.

"पण मग तो डब्यातून बोलल्यासारखा येतो ना हो?"

दुसऱ्यांचा येतो. मी पट्टी हलवतो, माणूस हलू देत नाही. कुठल्या संस्थेत शिकलो नाही. बिघडलेले टेपरेकॉर्डर उघडून शिकलो, म्हणून कान माझा स्वतःचा आहे. हे बाईंना सुनावलंच.

बाईंची कल्पना मात्र चांगली. इंटरनेटवर एक पान, त्यावर एक राखी इमारत. जिच्या खिडकीवर बोट टेकवाल तिथली बाई बोलू लागते — खरोखरची, आत शिक्षा भोगणारी. खाली बटण. ऐकणाऱ्यानं आपल्या आवाजात उत्तर ठेवायचं. ते आधी माझ्याकडे येणार, मग अधीक्षकांकडे, मग आत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आत जाऊन आलो. रेकॉर्डिंगला शिलाई विभागाच्या मागची खोली मागून घेतली. तिथं कापडाचे तागे रचलेत, आवाज घुमत नाही. बाईंच्या हे लक्षातही आलं नसतं.

आज शिलाईत काम करणारी. बसल्याबसल्या मलाच फैलावर घेतलं. "इतका जवळ धरताय, गिळू का तो माईक?" पहारेकरीण गालात हसली. मी हसलो नाही. अंतर बरोबर होतं.

मग बोलली. मुलगी तिच्या काकांकडे असते. भेटीला पाठवत नाहीत. "मुंगी म्हणते मी तिला. एवढीशी होती, पण सगळं घर ओढत न्यायची." हिच्या बहिणीनं पोरीला शाळेच्या फाटकाशी गाठून सांगितलं — असं असं पान निघणार आहे, आई त्यात बोलणार आहे. काकांना कळलं. शाळा बदलली, घरही बदललं. आता पोर कुठं आहे ते बहिणीलाही माहीत नाही.

"एवढा आवाजच उरलाय माझ्याकडे, दादा. ओळखेल ना ती?"

ओळखेल, म्हटलं. पट्टी बदलते, बोलण्याची ढब कुठं जाते?

अगदी छातीठोकपणे म्हटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

शिलाईवालीचंच साफ करतोय. 'मुंगी' सगळीकडून कापावं लागलं. अट! कापलेली जागा कळणार नाही अशी सांधली.

विलक्षण आवाज आहे. खर्जातला, आणि वाक्य संपताना किंचित खरखरतो, तळाला लागलेल्या दुधासारखा. दिवसभर तोच कानात. बायको म्हणाली, "जेवणात मीठ नाही, कळलं का?" नव्हतं कळलं. "बरं झालं. मुद्दामच घातलं नव्हतं."

१६ फेब्रुवारी, सोमवार

शिलाईवालीला तिचा फिरवलेला आवाज ऐकवला.

"ही कोण बया?" खो खो हसली. हसता हसता थांबली. "माझी पोर हिला आई म्हणेल?"

ढबीचं परत समजावलं.

"तुम्ही म्हणता म्हणून," म्हणाली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

स्वयंपाकघरातली. बारीक, चिरका आवाज. बोलायला तयारच नव्हती. शेवटी बोलली ते एवढंच — "बाहेर माझं कोणी नाही. होतं, त्यांना मी विसरले. मला कोणी शोधू नका."

हिची पट्टी उतरवली, थोडी जाड केली, शेवटाला जरा खरखर ठेवली. काय बसला आवाज! शोधावा लागलाच नाही, हात आपोआप तिथं गेला. बाई म्हणाल्या, "ही तर वेगळीच बाई झाली." वेगळीच! याला म्हणतात काम.

२ मार्च, सोमवार

पान सुरू झालं. पेढे-बिढे काही नाही. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. माझं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.

९ मार्च, सोमवार

आज एक उत्तर आलं. दहाबारा वर्षांची मुलगी असावी. कुठल्यातरी जिन्यात उभी असणार, आवाज घुमतोय. कुजबुजत बोलते.

"आई, मी मुंगी. एकेक खिडकी उघडत गेले. तुझा आवाज लगेच ओळखला. तू म्हणालीस, बाहेर तुझं कोणी नाही. बरं. नाही शोधणार."

उत्तर ठेवलंय स्वयंपाकघरवालीच्या खिडकीखाली.

चुकून दुसरी खिडकी दाबली असेल. लहान आहे.

१० मार्च, मंगळवार

चुकून नाही.

एका कानात शिलाईवालीचा मूळ आवाज लावला, दुसऱ्यात स्वयंपाकघरवालीचा फिरवलेला. दोन्ही कानांत एकच बाई! तोच खर्ज, वाक्याच्या शेवटी तीच खरखर. इतके दिवस जो आवाज कानात घेऊन जेवलो, तोच त्या दुसरीला चढवला. हात आपोआप तिथं गेला म्हणे! प्रत्येक फिरवलेला आवाज त्या-त्या बाईच्या मूळ आवाजाशी ताडून पाहिला. दुसरीच्या मुळाशी ताडायचं डोक्यातही आलं नाही. कोण ताडतो?

पोरीनं आईचा आवाज बरोबर ओळखला. आणि आईच्या आवाजात ऐकलं — माझं कोणी नाही.

आत्ता बसून दोन्ही आवाज बदलता येतील. पण ती ऐकून गेली.

पान उघडल्याचं कळतं, कुणी उघडलं ते कळत नाही. कुठं शोधू तिला?

१३ मार्च, शुक्रवार

शिलाईवालीला सांगितलं. अधीक्षकांसमोर, उभ्यानंच. ती म्हणाली, आधी ऐकवा.

ऐकलं. परत लावायला सांगितलं. परत. हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

"आवाज केवढा मोठा झाला हो तिचा..."

मग माझ्याकडे वळली. "ओळखलं की तिनं! माझ्या पोरीचे कान खोटे नाहीत. तुमचे खोटे! मोठे आले ढबवाले!"

हेडफोनची वायर गुंडाळत उभा राहिलो.

अधीक्षक म्हणाल्या, पानावर खुलासा टाकता येणार नाही. कोण कुणाची आई, हे उघड होतं. मुलीला शोधणं तर आमच्या हातातच नाही. त्यांचंही खोटं नव्हतं.

स्वयंपाकघरवाली दारात येऊन कधी उभी राहिली कुणास ठाऊक. म्हणाली, "माझ्या तोंडून गेलंय ना? मग मीच परत बोलते."

शेवटी अधीक्षक म्हणाल्या — तिची मुलाखत, तिला नव्यानं द्यायची तर देऊ दे. नाव घ्यायचं नाही.

१७ मार्च, मंगळवार

तीच खोली, तेच तागे. दोघी एका बाकावर. शिलाईवाली कानात सांगणार, ही बोलणार, आणि मी तोच आवाज तिला पुन्हा चढवणार. या वेळी जाणूनबुजून.

"सांग, ते खरं नव्हतं."

"ते खरं नव्हतं."

"अगं, पाटी वाचल्यासारखं नको! सांग, मला एक आहे. रोज आहे."

"मला एक आहे. रोज आहे..." आणि मग तिला कुणीच न सांगता — "मला माफ कर गं पोरी. चुकलं माझं. पाया पडते तुझ्या." रडायलाच लागली. कुणाची माफी मागत होती, ते तिचं तिला ठाऊक. शिलाईवालीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

मी विचारलं, शेवटचं कापू का?

"राहू द्या," शिलाईवाली म्हणाली. "मला कुठं जमलं असतं एवढं."

संध्याकाळपर्यंत खिडकीत बसवलं. ऐकलं. शिलाईवालीचाच आवाज. शंका घ्यायला जागा नाही.

२४ मार्च, मंगळवार

बाकीच्या खिडक्यांना उत्तरं येतात. या खिडकीला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आत गेलो होतो, दुसऱ्या कामाला. शिलाईवालीनं मशीनवरून मान वर केली. मी नाही अशी मान हलवली. तिनं परत शिवण धरली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३१ मार्च, मंगळवार

आलं. तोच जिना. या वेळी कुजबुज नाही, चांगली ठणकावून —

"तुम्ही माझी आई नाही. आवाज तिचाच आहे, पण आई कधी माफी मागत नाही. चुकली तरी वर तीच भांडते. म्हणजे त्या दिवशीचंही ती नव्हती बोलली. मग आई कुठंय? मी परत पहिल्या खिडकीपासून ऐकते."

ऐकेल. आईच्या खिडकीशीही थांबेल. तिथला आवाज तिला ओळखू येणार नाही. ते काम मी चोख केलंय.