तलावावरचं जाकीट

रविवार, १९ जानेवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. लिहायला बसायचो आणि काहीतरी निमित्त काढून उठायचो. फोनवर सांगणं जमेना, म्हणून ‘आई झोपलीय’ म्हणत वेळ मारून नेली.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात. तू गॅस नीट बंद करत जा.

आईला मोकळ्या हवेत न्या, असं तू म्हणाली होतीस. म्हणून तिला जुन्या तलावावर नेत होतो. एके काळी सगळं शहर त्याचंच पाणी प्यायचं. आता दगडी बांधावर लोक फिरतात नि खाली पायडलच्या होड्या चालतात. एके दिवशी ती होडीसाठी हटूनच बसली. होडीवाला म्हणाला, “बसवा की आजींना. जाकीट घातल्यावर बुडायचं म्हटलं तरी जमणार नाही.”

तुला सांगितलं नव्हतं, पण वर्षभर ती मला ‘काका’ म्हणायची. “काका, आमचे हे कधी येतील?” असं मलाच विचारायची.

मध्यावर वारा सुटला. तिनं आपलं जाकीट काढलं आणि माझ्या जाकिटावरून माझ्याच खांद्यांवर टाकलं. म्हणाली, “अहो, गारठ्यात असे काय बसलात? खोकला लागेल, मग मलाच जागवाल.”

अहो म्हणाली गं. जाकीट तिला परत घालायला हवं, हे मला कळत होतं. पण हात लावला असता तर मी पुन्हा काका झालो असतो. पायडल मारत राहिलो.

धक्क्याजवळ येताच ती उभी राहिली आणि होडी कलंडली. मी बुचासारखा वर तरंगत राहिलो. तिला होडीवाल्यानं उडी टाकून काढलं.

छातीत पाणी गेलं, मग ताप चढला. इस्पितळातून घरी पाठवलंय. डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलावून घ्या. म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. ती आता कुणालाच काही म्हणत नाही. चमच्यानं पाणी घालतो, निम्मं उशीवर सांडतं.

शेजाऱ्यांना मी ‘जाकिटाचं बक्कल निसटलं’ असं सांगितलंय. खरं फक्त तुला लिहिलं. शिव्या दे, पण इथे येऊन दे. रजा मिळत नसेल तर तसं लिही. ‘येते’ किंवा ‘नाही’, एवढंच पुरे. फक्त लवकर कळव, बाळ.

तुझा बाप